दस्तीखालचं बोलणं

मंठा तालुक्यातल्या त्या घरी मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा ज्यांच्यासाठी गेलो होतो त्यांचा चेहरा मला दिसलाच नाही. ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. मानेभोवती दस्ती, म्हणजे मोठा पांढरा रुमाल, गुंडाळलेली होती. आम्ही आत आलो, बसलो, सिस्टरांनी पिशवी उघडली, तरी त्यांनी मान वळवली नाही.

मी जालन्यातल्या एका दवाखान्यात समुपदेशक आहे. जो आजार आता बरा होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, अशा माणसांच्या घरी आमचा विभाग जातो. सिस्टर जखम, नळी, औषधं बघतात. मी बोलतो. गावात हे काम समजावून सांगणं जरा अवघडच असतं.

"तुम्ही डॉक्टर का?" मावशींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, त्या दिवशी विचारलं.

"नाही."

"मंग औषधं देता?"

"ती सिस्टर देतात. मी बोलायला आलोय."

त्यांनी खाटेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बोलायला?" त्या म्हणाल्या. "मालकाशी?"

त्यांच्या मालकांचा आवाज ऑपरेशनमध्ये गेला होता. गळ्याचा कर्करोग. मोठ्या शहरात स्वरयंत्र काढून टाकलं, गळ्याच्या खड्ड्यात एक भोक ठेवलं, त्यातूनच श्वास. नंतर शेक, म्हणजे रेडिएशन, झाला. वर्षभर बरं गेलं आणि मानेत पुन्हा गाठ आली. आता ऑपरेशन नको, घरीच सांभाळा, असं तिथल्या डॉक्टरांनी मुलाला सांगितलं होतं. गिळता येत नव्हतं म्हणून पोटात नळी घातली होती. मावशी त्यातून पातळ वरण आणि दूध सोडायच्या.

आणि हा माणूस बैलांचा दलाल होता. बोलणं हाच त्यांचा धंदा. आठवड्याच्या बाजारात दोन्ही बाजूंच्या माणसांना एका जागी आणायचं, कुणाला चुचकारायचं, कुणाला झापायचं, बैलाच्या चालीचं वर्णन असं करायचं की शेजारचं गिऱ्हाईकही वळून बघेल. मावशी सांगत होत्या, "आमच्या घरून बाजार दिसत न्हाई, पण ह्यांचा आवाज यायचा. मी चुलीपाशी बसून सांगायची, आता सौदा तुटला, आता जमला." हे सांगताना त्यांचाही आवाज चढला होता. खाटेवरची पाठ तशीच होती.

ऑपरेशनपासून ते दवाखान्याशिवाय घराबाहेर गेले नव्हते. ओळखीचं कुणी आलं की भिंतीकडे वळायचे. सुनेनं पाटी आणून दिली होती. दोन ओळी लिहून त्यांनी ती खाटेखाली सरकवली आणि पुन्हा हात लावला नाही. फक्त मान हलवायचे. दुखतंय का? नाही. भूक लागली का? नाही. मावशी त्यांच्या वतीनं सगळ्यांना सांगायच्या, "बराय."

निघताना मुलगा आमच्या मागे जीपपर्यंत आला. जालन्याला एमआयडीसीत कंपनीत नोकरी करणारा, शांत, तिशीचा माणूस. म्हणाला, "सर, एक विनंती आहे. गाठ पुन्हा आली हे त्यांना म्हाईत न्हाई. शेकाची सूज आहे म्हणून सांगितलंय. आईलाही तेच सांगितलंय. तुम्ही काही बोलू नका."

अशी विनंती मला जवळजवळ प्रत्येक घरात होते. म्हणून माझं उत्तरही ठरलेलं आहे. "मी आपणहून काही सांगणार नाही. पण त्यांनी सरळ विचारलं, तर खोटं बोलणार नाही."

"ते कसं विचारतील?" मुलगा म्हणाला. "त्यांना बोलता कुठं येतं?"

पुढच्या दोन भेटी मी नुसता बसून राहिलो. मला शिकवलं गेलं होतं ते माणसाला बोलतं करणं. शब्दांतून त्याच्या मनात काय आहे ते ओळखणं. इथे शब्द नव्हते आणि चेहराही नव्हता. मी खाटेपासून थोडं अंतर ठेवून खुर्ची घ्यायचो आणि गप्प राहायचो. बाहेर कपाशीला फुलं लागली होती, घरात फवारणीच्या औषधाचा वास यायचा. त्या गळ्यातल्या भोकातून श्वास जाता-येता एक बारीक शिट्टी वाजायची. कफ आला की ती घरघर व्हायची, मग मावशी उठून कापडानं पुसायच्या. एकदा मी म्हणालो, "काका, तुम्हाला मी नको असेन तर हात वर करा, मी बाहेर बसतो." हात वर झाला नाही. तेवढ्यावर मी पुन्हा गेलो.

त्यानंतरच्या भेटीत सिस्टरांनी नेहमीचा प्रश्न विचारला. "काका, दुखणं दहापैकी किती? शून्य म्हणजे बिलकुल न्हाई, दहा म्हणजे सहन होत न्हाई असं."

मावशी म्हणाल्या, "बराय. रात्री जरा तळमळतात, बाकी बराय."

तेव्हा ते वळले. पहिल्यांदाच मी त्यांचा चेहरा नीट पाहिला. पांढऱ्या मिशा, एक गाल सुजलेला, आणि डोळे संतापलेले. त्यांनी माझ्या खुर्चीकडे बोट केलं, जवळ ये अशी खूण केली. मी खुर्ची सरकवली. त्यांनी मानेवरची दस्ती सोडली, माझा उजवा हात ओढून घेतला, त्यावर दस्ती टाकली आणि आतून माझी बोटं धरली. आधी सगळा पंजा दाबला. सोडला. मग दोन बोटं दाबली. आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

मला काही कळलं नाही. आमच्या घरात तीन पिढ्या कचेरीतल्या. बैलबाजार मी रस्त्यावरून जातानाच काय तो पाहिलेला.

मावशींनी तोंडाला पदर लावला. त्या हसत होत्या. "अव्हो सर, सौदा करून राह्यले तुमच्याशी!"

मग त्यांनी सांगितलं. बाजारात बैलाचा भाव कुणी मोठ्यानं बोलत नाही. चार माणसं भोवती उभी असतात, सगळ्यांना ऐकू गेलं तर सौदा नासतो. म्हणून दलाल दस्तीखाली हात धरतो आणि बोटांनी भाव सांगतो. समोरचा बोटांनीच कमी-जास्त करतो. तोंडानं मात्र दुसरंच काहीतरी चाललेलं असतं.

"पण बोटांचा हिशेब काय?" सिस्टरांनी विचारलं.

"मला काय म्हाईत? बायकांना बाजारात कोण उभं करतं?"

मग काकांनीच दस्ती बाजूला केली आणि उघड्यावर करून दाखवलं. सगळा पंजा म्हणजे पाच. वर दोन बोटं. सात.

मावशींचं हसू गेलं. इतके महिने त्या "बराय" म्हणत होत्या, आणि तेही मान हलवून हो म्हणत होते. सिस्टरांनी तिथूनच जालन्याच्या डॉक्टरांना फोन लावला, औषधाचं प्रमाण वाढवून घेतलं, ते नळीतून कसं द्यायचं ते मावशींना पुन्हा समजावलं. आठ दिवसांनी आम्ही गेलो तेव्हा काका दाराकडे तोंड करून बसलेले होते. मी हात पुढे केला. दस्तीखाली त्यांनी तीन बोटं दाबली.

मी मावशींना म्हणालो, "हे तुम्ही शिकून घ्या. आम्ही आठवड्यातून एकदा येतो, तुम्ही रोज आहात."

त्या लाजल्या. "लोकांसमोर हात धरून बसू का? सूनबाई काय म्हणंल?"

पण शिकल्या. नंतर सूनच मला सांगायची की दुपारचं काम आटोपलं की दोघं ओट्यावर बसतात, मधे दस्ती. आधी आकडे झाले. मग त्यांनी आपल्या आणखी खुणा ठरवल्या. अंगठा दाबला की पाणी. करंगळी ओढली की हे पाहुणे आता जाऊ देत. तळहातावर बोट फिरवलं की पाठ चोळ. एका भेटीत मी गेलो तर त्यांचं भांडण चाललं होतं. आवाज फक्त मावशींचा.

"न्हाई म्हणजे न्हाई! डॉक्टरांनी न्हाई म्हणलंय!" दस्तीखाली काहीतरी झालं. "माझ्यावर कशाला दाबून राह्यले? सरांना इचारा!"

त्यांना तंबाखू हवी होती. निदान वास घ्यायला. मी काही निर्णय दिला नाही. मावशींनी शेवटी सुनेकडून डबी मागवली, त्यांच्या नाकापाशी नेली आणि मग त्यांच्या लक्षात आलं की त्या नाकातून आता श्वासच जात नाही. दोघंही क्षणभर त्या डबीकडे बघत राहिले. मग मावशी ती डबी घेऊन आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. ते माझ्याकडे बघून खांदे उडवल्यासारखं करत होते, पण डोळे भरले होते. मी त्यांच्याजवळ बसलो. त्या दिवशी त्यांनी माझा हात आकड्यासाठी धरला नव्हता.

गाठ वाढत होती. दिवाळीच्या आधी ती दस्तीतूनही दिसायला लागली. सूज आहे, उतरेल, असं सांगणं आता मुलालाही जड जात असावं. एका रविवारी आम्ही गेलो तेव्हा तो घरी होता. काकांनी माझा हात धरला, दुसऱ्या हातानं गाठीकडे बोट दाखवलं आणि भुवया वर केल्या. प्रश्न इतका सरळ होता की त्याला आवाज लागत नव्हता.

मी म्हणालो, "काका, तुम्हाला काय वाटतं?"

मुलगा पुढे झाला. "सूज आहे बाबा. सर, जरा बाहेर या."

अंगणात आल्यावर त्याचा आवाज चढला. "मी तुम्हाला बोललो होतो."

"मी काही सांगितलेलं नाही. पण ते पुन्हा विचारतील. आणि मला वाटतं त्यांना कळलंय. कळलेलं एकट्यानं धरून बसणं फार जड असतं."

"अन सांगितल्यावर हलकं होतं का? त्यांनी आशा सोडली तर? तुम्ही जबाबदारी घेणार?"

मी घेऊ शकत नव्हतो. तसं बोललोही. तो जिथं उभा होता तिथंच खाली बघत राहिला आणि म्हणाला, "मंग तुम्ही आता येऊ नका. सिस्टरांना येऊ द्या."

तो त्याचा हक्क होता. मी जीपमध्ये जाऊन बसलो. पुढचे काही आठवडे सिस्टर एकट्याच गेल्या. औषध, नळी, जखम. त्या परत आल्या की मी विचारायचो, त्या सांगायच्या, "वळून बसतात पुन्हा."

मग एके दिवशी दुपारी मावशींचा फोन आला. सुनेच्या मोबाईलवरून. "सर, या तुम्ही. पोरगा आणायला येईल म्हणतो."

जीप आमचीच होती, आणायला यायची गरज नव्हती, पण तो खरंच फाट्यावर मोटारसायकल घेऊन उभा होता. मी मागे बसलो. वाटेत एकदाच म्हणाला, "आईला विचारलं त्यांनी."

काय झालं ते मावशींनी सांगितलं. आदल्या दिवशी दोघं ओट्यावर बसले होते. कापूस वेचून बायका घरी निघाल्या होत्या. काकांनी दस्ती ओढली आणि त्यांचा हात धरला. आधी गाठीकडे बोट केलं. मग वर, आभाळाकडे. आणि मग सगळा पंजा दोनदा दाबला.

"मला वाटलं, दुखणं इचारून राह्यले. दहा म्हणून. मी म्हणलं, गोळी देऊ का? तर मान हलवून न्हाई. भिंतीवरच्या कॅलेंडरकडं दाखवलं. मंग माझ्या ध्यानात आलं, सर. महिने इचारत होते. धा महिने मिळतील का म्हणून."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"मी गप. सौद्यात गप राह्यलं म्हणजे भाव मान्य न्हाई. मंग त्यांनी आठ दाबले. मी गप. मला काय म्हाईत होतं, सर? पोरानं सांगितलं सूज हाय. पण मी काय आंधळी हाय का? रोज मी पुसते ते. मंग पाच. माझ्याच्यानं मान हलवता येईना. मंग तीन बोटं धरली, अन् असं माझ्याकडं पाह्यले... बाजारात गिऱ्हाइकाकडं बघतात तसं न्हाई. मी त्यांचा सगळा पंजाच धरला अन् सोडलाच न्हाई. त्यांना काय समजलं, पाच का काय, मला म्हाईत न्हाई. दोघंबी रडलो."

मुलगा तेव्हा दारातून बघत होता. त्यानं ते आम्हाला सांगितलं नाही, मावशींनी सांगितलं. "अन् ह्यो येऊन बापाच्या पायापाशी बसला लहान लेकरावाणी."

मी आत गेलो. काका खाटेवर होते, दाराकडे तोंड करून. मी बसलो आणि मुलाकडे पाहिलं. त्यानं मान हलवली.

"काका," मी म्हणालो, "ही गाठ आजाराचीच आहे. ती आता जाणार नाही. किती दिवस ते मला माहीत नाही, डॉक्टरांनाही नक्की सांगता येत नाही. वर्ष नाही. काही महिने असावेत. दुखू नये यासाठी आमच्याकडून जे होईल ते आम्ही करू, शेवटपर्यंत."

ते ऐकत होते. गळ्यातली शिट्टी थोडी जलद झाली आणि मग हळू झाली. मुलगा म्हणाला, "बाबा, मी खोटं बोललो तुमच्याशी. भीती वाटत होती." त्यांनी हात लांब करून मुलाच्या डोक्यावर ठेवला, केस विसकटले आणि हलकी टपली मारली. मग मला खूण केली. पाटी. खाटेखालची पाटी सुनेनं शोधून, धूळ पुसून दिली. त्यांनी मोठ्या वाकड्या अक्षरात एकच शब्द लिहिला. बाजार.

ज्या माणसांना ते तोंड दाखवत नव्हते त्यांच्यातच त्यांना जायचं होतं. सिस्टरांनी बजावलं की धूळ गळ्यात जाईल, ओलं कापड बांधा, अर्ध्या तासाहून जास्त थांबू नका. पुढच्या बाजाराच्या दिवशी मुलानं शेजाऱ्याची गाडी मागितली आणि त्यांना नेलं. मी नव्हतो. नंतर मुलानं सांगितलं.

बाजार आता पहिल्यासारखा उरलेला नाही. ट्रॅक्टर आल्यापासून बैल कमी, व्यापारी कमी. काकांना लिंबाखाली खुर्चीवर बसवलं. पहिल्यांदा कुणी जवळ येईना. ओळखीची माणसं लांबून बघून वळली. एकजण येऊन "राम राम" म्हणाला आणि तसाच पुढे निघून गेला. मग त्यांच्याबरोबर उभं आयुष्य सौदे केलेला एक म्हातारा दलाल आला, काही न बोलता उकिडवा बसला, आपली दस्ती काढून दोघांच्या हातांवर टाकली. काय बोलले ते मुलाला कळलं नाही. म्हातारा उठला तेव्हा म्हणाला, "तुझा बाप अजून लबाडच हाय," आणि तोंड फिरवून चालायला लागला. त्यानंतर माणसं यायला लागली.

धुळीनं व्हायचं ते झालं. रात्री खोकला थांबेना, कफातून रक्त आलं, दुसऱ्या दिवशी सिस्टरांना जावं लागलं. त्या मुलावर चिडल्या. "अर्धा तास म्हणलं होतं मी! दुपारपर्यंत कोण बसवतं?" काकांनी त्यांना थांबवलं. त्यांचा हात धरून दस्ती न घालताच एक बोट दाबलं. दुखणं, एक. खरं नव्हतं ते. सिस्टरांनाही कळत होतं.

त्यानंतर त्यांना फार उठता आलं नाही. भेटायला मात्र माणसं येत राहिली आणि ते भिंतीकडे वळले नाहीत. कधी थकले तर मावशींची करंगळी ओढायचे. मावशी पाहुण्यांना सांगायच्या, "आता जल्दी निघा, मालकाला झोप आली." तुरी काढणीला आल्या होत्या त्या दिवसांत, सकाळी, अंग पुसून झाल्यावर ते गेले. मुलगा घरी होता. मावशी म्हणाल्या, त्रास झाला नाही, श्वास हळू हळू बारीक होत गेला.

तेराव्यानंतर मी गेलो. आमच्या कामात माणूस गेल्यावरही एकदोनदा जायचं असतं. मावशी तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. घरात पाहुणे होते, त्या त्यांच्याशी नीट बोलत होत्या, जेवायला वाढत होत्या. सगळे अंगणात गेल्यावर मी विचारलं, "मावशी, तुम्ही कशा आहात?"

"बराय." मग शेंगा खाली ठेवल्या. "सर, एक इचारू? पाप तर न्हाई ना?"

"विचारा."

"मला राग येऊन राह्यला त्यांचा. तीस वर्षं सांगितलं, ती तंबाखू सोडा. पोरीच्या लग्नात मी त्यांच्या पाया पडले. हसायचे. बाजारात उभं राहायचं तर तोंडात काही पाहिजे म्हणायचे. अन् आता मी ही अशी. सगळे म्हणतात, मावशी किती सेवा केली, देवमाणूस. मला ऐकवत न्हाई. मेलेल्या माणसावर राग धरावा का?"

"येतोय तर येऊ द्या," मी म्हणालो. "राग येतो त्यामुळे केलेली सेवा खोटी होत नाही."

त्या बराच वेळ बोलल्या. जुन्या गोष्टी, भांडणं, एकदा त्या माहेरी निघून गेल्या होत्या आणि ते आणायला आले तेव्हा वेशीतूनच हाका मारत आले होते, ती गोष्ट. रडल्या, मध्येच हसल्या. मी ऐकत होतो. सून चहा घेऊन आली आणि सासू बोलत आहे हे बघून तशीच मागे फिरली.

उन्हाळ्यात आमच्याकडे घनसावंगीकडची एक बाई आली. तिच्या नवऱ्याचं तेच ऑपरेशन ठरलं होतं आणि ती काही ऐकून घ्यायला तयार नव्हती. मी मावशींना फोन केला, याल का म्हणून विचारलं. त्या मुलाबरोबर जालन्याला आल्या. दोघी ओपीडीबाहेरच्या बाकावर बसल्या. मी लांब होतो, सगळं ऐकू आलं नाही. मावशी नळीतून वरण कसं गाळून घालायचं ते हातानं दाखवत होत्या. मग म्हणाल्या, "अन् तू आधी जेवत जा. त्यांना भरवून झाल्यावर खाईन म्हणशील तर तुझं जेवण राहूनच जातं." ती बाई हळूहळू मान हलवू लागली.

जाताना मावशी मला म्हणाल्या, "आले, सर, तुम्ही बोलावलं म्हणून. पण पुन्हा बोलवू नका. मला न्हाई सोसत."

मी पुन्हा बोलावलं नाही. त्या नंतर भेटल्या त्या एकदा, मंठ्याच्या बसस्थानकावर, नातवाचं बोट धरून. अंग जरा भरलं होतं. गाडी लागलेली होती, घाईत होत्या. "बराय," त्या म्हणाल्या, मग थांबून माझ्याकडे पाहिलं. "खरंच बराय, सर." आणि नातवाला आधी चढवून त्या बसमध्ये चढल्या.